रविवारची एक रिंग

मला राग लवकर येतो, आमच्या रहिमतपुरात कुणालाही विचारा. माणसांवर आलेला राग जातो तरी, पण संथ चालणाऱ्या मशिनीचा राग माझ्या डोक्यातून उतरता उतरत नाही. टाइपरायटर होता तेव्हा अडकलेल्या पट्टीशी मी मोठ्यानं भांडायचे. मग कॉम्प्युटर घेतला, आणि भांडायला घरात कायमचं कुणीतरी आलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या शेवटाची आणि नव्व्याण्णवच्या सुरुवातीची. घराच्याच पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, जयंतीच्या स्मरणिका, जे येईल ते. धाकटा भाऊ बुद्धभूषण सांगलीला, त्याचा तिथं छोटासा ऑफसेट छापखाना. स्कॅनर त्याच्याकडे आणि गिऱ्हाईक माझ्याकडे, अशी आमची वाटणी. नवरानवरीचे फोटो मी एसटीच्या कंडक्टरच्या हाती सांगलीला धाडायचे, तो ते स्कॅन करून फ्लॉपीत भरायचा आणि परतीच्या गाडीनं पाठवायचा. कंडक्टर लोक चांगले होते हो, पण एकानं ती फ्लॉपी खिशात घडी करून आणली! खरंच, घडी करून. गिऱ्हाईक दारात उभं, लग्न आठ दिवसांवर आणि माझ्या हातात मोडकं प्लॅस्टिक. त्या दिवशी मी त्या कंडक्टरला स्टँडवर सगळ्यांदेखत जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग बुद्धभूषणनं दोन मोडेम आणले, एक त्याला, एक मला. फोनची तार मोडेमला आणि मोडेम कॉम्प्युटरला. मधे दुसरं कुणी नाही. त्याचा कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला फोन लावणार आणि फाइल तारेतून घरी येणार. पहिला फोटो आला तेव्हा आम्ही दोघं आपापल्या गावात टाळ्या पिटत होतो. मात्र त्या एका फोटोला पाऊण तास लागला होता, आणि टाळ्यांचं कौतुक एका दिवसात संपलं. दुसऱ्या दिवशी नव्वद टक्के फाइल आली आणि लाइन तुटली. परत पहिल्यापासून. परत तुटली. मी मोडेमच्या डोक्यात टपली मारली, त्याला काय फरक पडतो?

आता फोनचं सांगते. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंबर लावून नऊ वर्षं वाट बघून तो घेतलेला. आण्णा गेले, फोन राहिला. गल्लीत दुसरा नव्हता, त्यामुळं तो सगळ्यांचा पी.पी. नंबर. लोकांच्या पत्रांवर, पत्रिकांवर, पोरांच्या नोकरीच्या अर्जांवर माझ्या घरचा नंबर आणि पुढं 'पी.पी.'. फोन आला की मी खिडकीतून हाक मारायची, माणूस हातातलं टाकून पळत यायचा. मी कुरकुर करायचे, पण हाक मारायचे.

शेजारच्या बनामावशींचा फोन मात्र उचलायचा नसायचा. मावशी मूळच्या माणदेशातल्या, मेंढरांवाल्या घरातल्या. नवरा वारल्यावर कामाला म्हणून इकडं आल्या आणि दुसऱ्याच्या रानात खुरपून-भांगलून एकटीनं पोरगी वाढवली. ती माया. दोन वर्षांपूर्वी तिला आटपाडीला दिली. नवरा धनाजी गलाईच्या कामाला, सोनं गाळायला लांब तिकडं मद्रासकडे. घरी सासू आणि दीर. माया गरोदर राहिली आणि मावशींचा जीव टांगणीला लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मावशी म्हणत होत्या सातव्यात आणते, सासू म्हणत होती नववा लागला की धाडते, रानातली कामं पडल्यात.

आटपाडीत स्टँडजवळ हरिबाचा एसटीडी बूथ. हरिबा मायाच्या सासरच्या भावकीतला. म्हणजे तिथं उभं राहून मायानं 'आई, मला ने' म्हटलं, की ती घरी पोचायच्या आत ते सासूच्या कानावर गेलेलं असणार. सून माणसानं असं म्हणायचंच नसतं. म्हणून मायलेकींनी खूण ठरवली होती. दर रविवारी अकरा वाजता माया बूथवर येणार. बरी असली तर एक रिंग होऊ द्यायची आणि ठेवून द्यायचा. जीवाला बरं नसलं, जड वाटलं, तर ठेवायचा नाही, वाजतच राहू द्यायचं. मग मावशी कुणाला न विचारता जीप करून आणायला जाणार. फोन उचललाच नाही तर बूथवाल्याचं मीटर पडत नाही, आणि बोललंच नाही तर कुणाला ऐकूही जात नाही.

मावशी रविवारी पावणेअकरालाच माझ्याकडं येऊन उंबऱ्यात बसायच्या. फोन एकदा वाजायचा आणि गप व्हायचा. "आली गं खुशाली," म्हणायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि चहा घेऊन जायच्या. दोन महिने हे असंच चाललं.

आणि मी मोडेमच्या मागं लागले होते. त्याच्याबरोबर एक पुस्तिका आली होती, इंग्रजी, मुंगीएवढ्या अक्षरांची. ती मी पाठ केली म्हणा ना. वेग एका जुन्या आकड्यावर अडकवून ठेवला होता, तो वर नेला. फाइल पाठवायची पद्धत बदलली, लाइन तुटली तर जिथं तुटली तिथूनच पुढं सुरू होईल अशी निवडली. स्वयंपाकघरातला जोडफोन उपटून टाकला. जोडणी होताना मोडेम किंचाळतो, ते ऐकून मावशी एकदा दचकून उठल्या होत्या, "आगं मांजर चिरडलं का काय!" म्हणून त्याचा आवाजही बंद करून टाकला. एकेक आकडा बदलायचा आणि घड्याळ लावून बघायचं. पाऊण तासाचा फोटो पंधरा मिनिटांवर आला, मग बारावर. मला तर चेवच चढला.

राहिली एकच कटकट. रविवारी एसटीडी निम्म्या दरात, म्हणून बुद्धभूषण दहा ते एकच्या मधे फाइली धाडायचा. मी समोर असेन-नसेन म्हणून माझा मोडेम स्वतः फोन उचलेल असं मी करून ठेवलं होतं, पाच रिंगांनंतर. पाच अशासाठी की माणसाचा फोन असेल तर मी धावत जाऊन आधी उचलेन. पण सांगलीहून लाइन लागायला वेळ, वर पाच रिंगा, तोवर बुद्धभूषणचा मोडेम कंटाळून बंद. दहातल्या चार वेळा असं व्हायचं. त्याच्याकडचा थांबायचा वेळ वाढवला असता तरी भागलं असतं. पण त्याला फोनवर ते समजावून सांगण्यापेक्षा माझ्या हातातला आकडा बदलणं सोपं. मी पाचाचं एक केलं. एक रिंग, की मोडेमनं उचललंच.

गल्लीला सांगायला मी विसरले नाही, एवढी काही मी बेजबाबदार नव्हते. घरोघरी जाऊन बजावलं, "रविवारी दहा ते एक माझ्याकडं कुणाचा फोन यायला नको, मशीन उचलणार हाय." सुलाबाईंना सांगितलं, त्यांच्या मुंबईच्या भावाला कळवा म्हणाले. दादासो जीपवाल्याला सांगितलं. ज्यांचे ज्यांचे फोन मी उचलत होते, त्या सगळ्यांना सांगितलं. बनामावशींचा फोन मी कधी उचललाच नव्हता, त्यामुळं तो माझ्या डोक्यातच आला नाही. मावशी माझ्यासमोर उंबऱ्यात बसलेल्या असायच्या आणि तरी आला नाही.

त्या आकड्यानंतरचा पहिला रविवार. अकरा वाजले, फोन एकदा वाजला, गप झाला. "आली खुशाली," मावशी म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी तीन फोटो एका तासात आले. मी इतकी खूश की बाजारातून पावशेर फरसाण आणून एकटीनं खाल्लं.

दुसरा रविवार. अकराला एक रिंग आणि गप. मिनिटभरानं परत एक रिंग आणि गप. पडद्यावर इंग्रजीत आलं 'नो कॅरिअर', म्हणजे मोडेमनं उचललं पण पलीकडं मोडेम सापडला नाही. मी चिडले. "पहिली मायाची, मावशी. दुसरी आमच्या शहाण्याची. घेतलाय स्वस्तातला मोडेम, लागतोय कुठं!"

मावशी हसल्या. "का गं त्याला बोलतीस? मायाचीच आसंल. लाडात आली आसंल पोरगी."

तिसऱ्या रविवारी तीनदा. एक रिंग, गप. एक रिंग, गप. एक रिंग, गप. मधे मिनिट-मिनिट. तिन्ही वेळा पडद्यावर 'नो कॅरिअर'. मी बुद्धभूषणच्या नावानं खोलीभर शंख केला. मावशी मात्र उठता उठता म्हणाल्या, "तीनतीनदा खुशाल हाय बघ माझी माया." आणि पायऱ्या उतरताना त्यांनी काहीतरी गुणगुणलंसुद्धा, ते मला अजून ऐकू येतं.

चौथ्या रविवारी अकराला काहीच आलं नाही. मावशी एक वाजेपर्यंत बसल्या. "कामात असंल," मी म्हणाले. "व्हय, कामात आसंल," त्याही म्हणाल्या. चहा नको म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी, कॉम्प्युटर बंद असताना, फोन वाजला. बुद्धभूषण.

"जय भीम, ताई. आगं, तुझ्या त्या मशिनीचं कायतरी कर."

"जय भीम. माझ्या मशिनीचं? तुझ्याच मोडेमचं कर की! त्या रविवारी अकरा वाजता तीन-तीनदा लावलास, एकदा तरी लागला का?"

"अकराला? मी अकराला कवाच लावत न्हाई. साडेअकराच्या फुडं दुकान मोकळं होतं, तवा लावतो. आन् काल-परवा मी तुझ्याशी बोलाय फोन केला, रविवारीच सकाळी धाला, तर एका रिंगला मशिनीनं उचलला आन् कानात ही किंचाळी! माणसानं करायचा कसा गं तुला फोन? मी वाजू द्यावा म्हणलं तर एकाच्या फुडं वाजतच न्हाई."

"काय म्हणालास?"

"एकाच्या फुडं वाजतच न्हाई. ताई? ताई, हायस का?"

मी फोन ठेवून दिला की तो माझ्या हातून खाली पडला, मला सांगता येणार नाही. मी खुर्चीत बसले. एकाच्या पुढं वाजतच नाही. म्हणजे मायानं ठेवला काय आणि वाजू दिला काय, इकडं एकच. एकच वाजणार. मी केलं होतं तसं. मी, ह्या बोटानं, पाचाचं एक केलं होतं! आणि ती पोरगी तिकडं वाजू देत होती. मिनिटभर थांबून परत वाजू देत होती. आणि आम्ही इकडं खुशाली म्हणून चहा पीत होतो. अगं बाई गं! मी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर मी ओरडले असते.

किती वेळ तशी बसले कळलं नाही. मग उठून चप्पल न घालताच दादासोच्या घरी गेले, जीप काढ म्हणाले. तिथून रानात. मावशी कांद्याच्या वाफ्यात भांगलत होत्या. मला अनवाणी बघून त्या उभ्याच राहिल्या.

"काय गं नीलू?"

"मायाला आणायला जाऊया. आत्ता."

"का? काय झालं? तुला कोण म्हणलं?"

"बुद्धभूषणला सांगलीत कुणीतरी भेटलं आटपाडीचं," मी म्हणाले. किती सहज खोटं आलं तोंडात! "बरं नाही म्हणालं तिला."

मावशींनी खुरपं तिथंच टाकलं.

रस्ता औंधावरून, वडूजवरून, पुढं सगळा उघडा माळ. मावशी सारख्या बोलत होत्या. "बरं न्हाई तर वाजू द्यायचा हुता की. एवढं सांगितल्यालं. एकच रिंग दिली की गं तिनं, तू हुतीस न्हवं तितं? एकच दिली." मी खिडकीतून बाहेर बघत हो म्हणत होते. वडूजच्या पुढं मला सांगायचं होतं. दहिवडीचा फाटा मागं पडला, सांगायचं होतं. गिऱ्हाइकाला, कंडक्टरला, सख्ख्या भावाला फाडून खाणारी मी, त्या बाईसमोर माझा आवाज फुटेना.

आटपाडीच्या स्टँडवर मी जीप थांबवायला लावली. "घर विचारून येते," म्हणाले. मावशींना घर माहीत होतं, तरी म्हणाले, आणि त्यांना जीपमधेच ठेवून हरिबाच्या बूथमधे शिरले. हरिबा साठीचा, डोळ्यावर जाड चष्मा. मी मायाचं नाव घेतलं.

"धनाजीची मंडळी? ती दवाखान्यात हाय. शुक्रवारी झटकं आलं तिला. पोर पोटातच गेलं." त्यानं चष्मा काढला. "तुमी कोण?"

मला शेजारीण म्हणायचं होतं. "रहिमतपूरचा फोन माझा," असं तोंडातून गेलं.

हरिबा एकदम ताठ झाला. "तुमचा व्हय त्यो फोन? आवं, काय बिघडलाय त्येला? बिचारी पोरगी दर रविवारी याची. पाय ह्ये एवढं सुजल्यालं, तोंड सुजल्यालं. आदी एकदा वाजला की ठेवायची, मला ठावं हाय खुणेचं, मी कदी कुणाला बोललो न्हाई. मागनं मातर ठेवंना. वाजू द्याची, तर तिकडनं लगीच उचलायचा आन् नुसता किंचाळायचा. मीटर पडायचं. ती पैसे द्याची आन् पुन्ना लावायची. शेवटच्या बारीला तीनदा लावला. तिसऱ्या खेपंला त्यो किंचाळत हुता आन् ही तसाच कानाला धरून हुबी. मी म्हणलं, बाळ ठेव, फोन बिघडलाय. तर म्हणाली, न्हाई, आई हाय तितं, बोलंल आता."

मी बूथच्या काचेला धरून उभी राहिले. बाहेर जीपमधून मावशी माझ्याकडं बघत होत्या, हातानं 'काय?' विचारत होत्या.

हरिबाला माहीत होतं. ज्याच्या भीतीनं पोरीनं तोंड उघडलं नाही, तो माणूस महिनोन्‌महिने सगळं पोटात ठेवून होता. ती त्या बूथवर उभं राहून सरळ बोलली असती तरी चाललं असतं.

जीपमधे बसताना मी मावशींना माया दवाखान्यात आहे, पोर गेलं, एवढंच सांगितलं, फोनचं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात मायाची सासू साळूबाई बसली होती, गुडघ्यांवर डोकं ठेवून. मावशींना बघून ती उठली आणि रडायलाच लागली. "इहीणबाई, मला काय ठावं वो? पोटुशा बाईचं पाय सुजत्यातच म्हणलं. माझंबी सुजायचं." मावशी तिच्याकडं न बघता आत गेल्या. मी मागं गेले.

माया कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. वीस-एकवीसची पोरगी, पाठीमागून बारा वर्षांची वाटत होती. मावशी कडेला बसल्या. तिच्या पायांवरून हात फिरवला. "माये," म्हणाल्या. ती हलली नाही. "माये, बघ की गं इकडं. मी आलीया."

माया भिंतीकडंच बघत राहिली. डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या की पोरीच्या जीवाला आता धोका नाही, पण शनिवारपासून ती कुणाशी बोलत नाही, खात नाही. त्या गेल्यावर मावशींचा धीर सुटला. रडणं आणि रागावणं दोन्ही एकदम आलं त्यांना.

"का गं असं केलंस? एवढं अंगावर काढलंस आन् मला एकच रिंग देत ऱ्हायलीस? वाजू द्यायचा की गं! मी कान लावून बसत हुते. त्याच पावली आले असते!"

"वाजू दिला." भिंतीकडूनच आवाज आला. चार दिवस न बोललेला घसा.

"खोटं नगं बोलूस. मी तितंच हुते. एक वाजली की गप."

"तू उचललास." माया थांबली. "उचललास आन् बोलली न्हाईस. तीन रविवार. कायतरी किंचाळत हुतं, त्येच्यात मी आई आई म्हणत हुते. तू ठेवून देत हुतीस. मला वाटलं, आईलाबी मी नगं झाले. म्हणून मग चौथ्या बारीला ग्येलेच न्हाई."

मावशींनी पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काय बोलती ही? ताप चढलाय का हिला?" आणि त्यांनी माझा हात धरला, घट्ट धरला. "नीलू, तू सांग की गं हिला. तू हुतीस न्हवं तितं? आपल्या दोघींच्या म्होरं फोन हुता. कुणी उचलला का? सांग तिला, तुजं तरी ऐकंल. कुणी हात तरी लावला का फोनला?"

कुणी हात लावला नव्हता. एवढंच म्हणाले असते तरी ते खरं होतं. मावशी सुटल्या असत्या, मी सुटले असते, हरिबा काय पुन्हा कधी भेटणार होता? फोन बिघडला होता म्हणायचं. एक्स्चेंजवर ढकलायचं. मला हे सगळं त्या एका क्षणात सुचलं, आणि सुचलं याचीच मला जास्त भीती वाटली.

"उचलला," मी म्हणाले.

मावशींचा हात माझ्या हातावर तसाच राहिला.

"मशिनीनं उचलला. फाइली लवकर याव्यात म्हणून मी तिला तसं लावून ठेवलं होतं. एक रिंग झाली की उचल. त्यामुळं मायानं कितीही वाजू दिला तरी आपल्याकडं एकच वाजायचा. ते किंचाळणं मशिनीचं. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून त्याचा आवाजही मीच बंद केला होता. सगळ्या गल्लीला सांगितलं मी. तुम्हाला सांगायचं राहिलं."

मावशी माझ्याकडं बघत होत्या, अर्थ लागेना तसं बघत होत्या, आणि मग लागला. तो लागलेला मला त्यांच्या डोळ्यांत दिसला. त्यांनी माझा हात सोडला.

कॉट करकरली. माया वळली होती. सुजलेलं तोंड, फुटलेले ओठ. ती माझ्याकडं बघत होती.

"म्हंजे आई न्हवती?"

"नव्हती. आई उंबऱ्यात बसली होती. तुझी एक रिंग ऐकली की तोंड पुसायची आणि खुशाल आहे म्हणायची."

"आईनं न्हवता उचलला?"

"नाही गं, माया. आईला काहीच ठाऊक नव्हतं."

तिनं दोन्ही हात पुढं केले, लहान पोर करतं तसे, आणि मावशींच्या कमरेला मिठी घातली. चार दिवसांत जे आलं नव्हतं ते रडणं आता आलं. आई, आई, एवढंच म्हणत होती. मावशींनी तिचं डोकं पोटाशी घेतलं, वर वाकल्या, तिच्या केसांत तोंड घातलं. बराच वेळ दोघी तशाच होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

मग मावशींनी मान वर केली. मला वाटलं आता त्या शिव्या देतील, हात उगारतील. मी तयार होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलावं तसं त्या हळू बोलल्या.

"नीलाबाई, तुमी जरा भाईर जावा."

मी बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.